ताईला आलेला 'काँक्रीटचा तुरुंग' आणि रोली वेची कोरी भिंत

रात्री साडेअकराला ताईचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर कुणीतरी आजारी आहे, नाहीतर दाजींच्या निवृत्तांच्या ग्रुपवर काहीतरी आलंय. परवा दुसरी निघाली. भाचा शिकायला लंडनला आहे. गेल्या महिन्यात त्याला कॅम्डनमधल्या अलेक्झांड्रा रोड इस्टेटमध्ये एका फ्लॅटमधली खोली भाड्याने मिळाली, आणि घरात सगळे खूश होते. परवापर्यंत.

"अगं, तो राहतोय ती बिल्डिंग म्हणे जेलच्या नकाशावरून बांधलीय. भिंतीत खिळा ठोकला तरी आत टाकतात. त्याला सांग ना, दुसरीकडे बघ म्हणावं. तुझं ऐकेल तो."

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात वीस वर्षं नकाशे काढते, म्हणून अशा वेळी माझ्याकडे येतात. एरवी माझा धंदा म्हणजे 'रेघोट्या'. असो. फॉरवर्ड मागवून घेतला. मथळा: 'लंडनचा काँक्रीटचा तुरुंग, मुलं परदेशी पाठवणाऱ्या प्रत्येक पालकाने वाचावं'. खाली तीन फोटो आणि पानभर मजकूर. सार एवढंच: या शैलीचं नावच 'ब्रूटल', म्हणजे क्रूर. १९६८ साली या वसाहतीचा कोपरा कोसळून शेकडो मेले आणि बातमी दाबली गेली. नकाशा तुरुंगाचा होता, म्हणून मागे खिडक्याच नाहीत आणि आत ऊन शिरत नाही. गरिबांना स्वस्तात कोंबायला खुराडी बांधली. आर्किटेक्टला सरकारने हाकललं, आणि तो स्वतः असल्या घरात कधी राहिला नाही. आता हे सगळं 'अपयशाचं स्मारक' म्हणून कायद्याने जपून ठेवलंय, म्हणून राहणाऱ्याने खिळा ठोकला तरी तुरुंगवास. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

ताईला फोनवर समजावलं, पण ती म्हणाली, "लिहून दे, यांना दाखवते." म्हणून हे.

आधी ही वसाहत काय आहे ते. लंडनच्या कॅम्डन काउन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, भाड्याने द्यायला बांधलेली ५२० घरं. आराखडा १९६८चा, बांधकाम १९७२ ते १९७८. आर्किटेक्ट नीव्ह ब्राऊन. ते काउन्सिलच्याच आर्किटेक्ट विभागात नोकरीला होते आणि त्या विभागाचे प्रमुख सिडनी कुक. जागा लांबट, किंचित धनुष्यासारखी वाकलेली. उत्तरेला रेल्वे, पश्चिमेला ॲबी रोड, दक्षिणेला बाउंड्री रोड. त्यावर घरांच्या तीन रांगा. रेल्वेला लागून आठ मजली, तिच्यासमोर चार मजली, आणि या दोघींच्या मधून जाणारा फक्त पायी चालायचा रस्ता म्हणजे रोली वे. गाड्या खाली, इमारतींच्या पोटात. तिसरी रांग दक्षिणेला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेच्या मध्ये सुमारे चार एकरांचं उद्यान. आपण ज्याला रो-हाऊस म्हणतो तीच कल्पना, फक्त एकावर एक चढवलेली.

आता मागच्या भिंतीकडे येऊ, कारण हा मुद्दा वाचून मी खरंच फोन टेबलावर आपटला.

फॉरवर्डमधला पहिला फोटो धावत्या गाडीतून काढलेला दिसतोय. उंच, लांबच लांब, जवळपास कोरी काँक्रीटची भिंत. वरचा भाग रुळांच्या बाजूला झुकलेला. फोटोखाली लिहिलंय, 'पाहा, एकही खिडकी नाही.' अहो, ती पाठ आहे! स्टेडियमच्या स्टँडचा मागून फोटो काढायचा आणि इथे बसायला जागाच नाही म्हणून ओरडायचं, त्यातला प्रकार. आणि 'एकही नाही' हेही खोटं. आहेत, पण थोड्या आणि लहान. मुद्दाम.

त्या भिंतीपलीकडून जाते ती वेस्ट कोस्ट मेन लाइन. यूस्टन स्टेशनातून बर्मिंगहॅम, मँचेस्टर, थेट ग्लासगोपर्यंत जाणारा ब्रिटनमधल्या सगळ्यात गजबजलेल्या मार्गांपैकी एक. अशा रुळांच्या कडेला शेकडो कुटुंबांची घरं बांधायची, तर आवाजाचं काय करायचं? सोपा उपाय म्हणजे घरं मागे सरकवायची आणि मध्ये मोकळी पट्टी सोडायची. त्यात जागा जाते, आणि ती पट्टी पुढे कचऱ्याची होते. ब्राऊन यांनी उलटं केलं. सगळ्यात उंच इमारत रुळांना चिकटवून उभी केली आणि तिचीच भिंत करून टाकली. आवाज तिच्या पाठीवर आदळतो. पुढच्या बाजूला, रोली वेवर आणि त्यापलीकडच्या उद्यानात, मुलं खेळू शकतात. इमारत स्वतःच आवाजाला आडवी पडलेली आहे.

आणि हादरे? गाडी गेली की जमीन थरथरते, ती थरथर पायातून वर चढते. म्हणून या रांगेचा पाया रबराच्या पॅडवर टेकवलेला आहे. तुरुंगात कैद्यांची झोप मोडू नये म्हणून कुणी पायाखाली रबर घालत असेल तर मला तो तुरुंग दाखवा.

आता ऊन. नकाशे काढणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर या वसाहतीचा प्लॅन बघून काहीच कळत नाही, सेक्शन बघावा लागतो. म्हणजे इमारत सुरीने केकसारखी उभी कापली तर कशी दिसेल ते. रेल्वेकडची बाजू उभी भिंत. रोली वेकडची बाजू मात्र नदीच्या घाटासारखी, पायरीपायरीने खाली उतरत येणारी. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा मागे सरकलेला, आणि सरकल्यामुळे मोकळी झालेली जागा म्हणजे त्या घराची गच्ची. वर छत नाही, थेट आकाश. खालच्याच्या अंगणात वरच्याने डोकावू नये म्हणून कडेला काँक्रीटच्याच कुंड्या, त्यात झाडं लावायची. आज रोली वेचे चांगले फोटो पाहिलेत तर काँक्रीटपेक्षा कुंड्यांमधून खाली लोंबणारी हिरवळ आधी दिसते.

रेल्वे उत्तरेला आहे, म्हणजे हा घाट दक्षिणेला उतरतो. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. अशा ठिकाणी ऊन हवं असेल तर तोंड दक्षिणेलाच करावं लागतं, आणि वरच्या मजल्याची सावली खालच्यावर पडू नये म्हणून पायऱ्या पाडाव्या लागतात. 'आत ऊन शिरत नाही' म्हणणाऱ्याला होकायंत्र भेट द्यायला हवं. हं, एवढं मान्य करते की ऐन हिवाळ्यात तळमजल्यांवर समोरच्या चार मजली रांगेची सावली पडणारच. पंधरा अंशांच्या सूर्यापुढे कुणाचं काय चालणार? पण ते लंडनच्या बहुतेक गल्ल्यांबद्दल म्हणता येईल.

ब्राऊन यांचा आग्रह दोन गोष्टींचा होता. प्रत्येक घराला स्वतःचं दार हवं, बाहेरच्या वाटेवर उघडणारं, आणि प्रत्येक घराला आभाळाखालची स्वतःची जागा हवी. ही कल्पना त्यांनी आकाशातून पाडली नव्हती. लंडनच्या जुन्या रस्त्यांवर ओळीने घरं असतात, दार रस्त्यावर, मागे परसू. त्या काळात ब्रिटनमध्ये काउन्सिलची घरं म्हणजे उंच मनोरे, असं समीकरण झालं होतं. १९५६च्या कायद्याने तर जितकी उंच इमारत तितकं जास्त अनुदान मिळायला लागलं होतं. ब्राऊन यांचं म्हणणं होतं की तेवढीच माणसं तेवढ्याच जागेत मनोऱ्याशिवायही बसतात, रस्ता न मोडता. रोली वे म्हणजे त्या म्हणण्याचा पुरावा. रस्त्यावरून उघडे जिने वर चढतात आणि वाटेत दारं लागतात. भाच्याने व्हिडिओ कॉलवर जिन्यातून दाखवलं तेव्हा ताई म्हणाली होती, "अय्या, चाळीसारखंच की!" तेव्हा आवडलं होतं तिला. मधे एक फॉरवर्ड आला आणि चाळीचा तुरुंग झाला.

आता खिळा. हा मुद्दा मी सोडणार नाही, कारण याच्यामुळे ताईने त्या पोराला खोली सोडायला सांगितली होती, आणि सोडली असती तर डिपॉझिट गेलं असतं.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने इथे एक अर्धं सत्य कुठूनतरी उचललंय. राग येतो तो त्याचाच, कारण निखळ खोटं पटकन खोडता येतं. ही वसाहत वारसा म्हणून कायद्याने संरक्षित आहे, खरं. इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतीत परवानगीशिवाय तिचं स्वरूप बिघडवणारे फेरफार करणं हा फौजदारी गुन्हा आहे, हेही खरं. १९९०च्या कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. संरक्षण नुसतं दर्शनी भागाला नसतं, आतल्या भागालाही असतं, हेही खरं. घ्या, तीन गोष्टी मान्य केल्या.

पण कायदा विचारतो तो प्रश्न असा: या बदलाने इमारतीचं वैशिष्ट्य बिघडतं का? मूळ लाकडी खिडक्या उखडून प्लॅस्टिकच्या बसवल्या, गच्ची बंद करून खोली काढली, उघड्या काँक्रीटवर बाहेरून रंग फासला, तर परवानगी लागते, आणि लागावी. आजोबांचा फोटो टांगायला कुणी अर्ज करत नाही. शिवाय परवानगी लागते याचा अर्थ मिळत नाही असा नव्हे. इमारत बदलायचीच नाही असं कायदा म्हणत नाही, बदलण्याआधी विचारा म्हणतो.

आता गंमत ऐका. त्या घरात भिंतीत ड्रिल मारण्याआधी खरंच शंभरदा विचार करावा लागतो. पण त्याचं कारण कायदा नव्हे. भिंतीत गरम पाणी आहे. या वसाहतीत खोलीखोलीत रेडिएटर लावण्याऐवजी घरांमधल्या काँक्रीटच्या भिंतींतच गरम पाण्याचे नळ पुरलेले आहेत. सगळ्या वसाहतीला एकच बॉयलरघर, तिथून पाणी फिरतं, भिंत तापते आणि घर उबदार होतं. ही यंत्रणा इंजिनिअर मॅक्स फोर्डम यांनी आखली. जागा वाचते, भिंतीला सोफा टेकवता येतो, कल्पना म्हणून सुंदर. आणि ड्रिल चुकीच्या जागी गेलं की कारंजं. तर 'भिंतीला हात लावू नकोस' असं भाच्याला घरमालकाने बजावलं असेल, तर ते पोलिसांच्या भीतीने नव्हे, प्लंबरच्या भीतीने. फॉरवर्डकाराने नेमकी हीच गोष्ट कुणाच्यातरी तोंडून अर्धवट ऐकली असणार असा माझा संशय आहे.

आणि या भिंतींबद्दल एक कबुली द्यायचीच तर ही देते. रहिवाशांची जुनी तक्रार आहे की उष्णता आपल्या हातात नसते. ज्याला उकडतंय त्याला कमी करता येत नाही, ज्याला थंडी वाजतेय त्याला वाढवता येत नाही. नळ भिंतीत पुरलेले असल्याने जुने झाल्यावर दुरुस्तीही सोपी नाही. १९७०च्या दशकात ऊर्जा स्वस्त राहील असं धरून चाललेल्या बऱ्याच आखण्या आज अंगाशी आल्या, त्यातली ही एक. यावर कुणी फॉरवर्ड लिहिला असता तर मी गप्प बसून वाचला असता.

'अपयशाचं स्मारक म्हणून जपलं' हे मात्र सरळ थापेबाजी. इथे माझ्या हातात एक भक्कम कागद आहे, संरक्षणाचा निर्णय. बाकी काही न वाचता एवढंच समजून घेतलं तरी पुरे. अलेक्झांड्रा रोड १९९३ साली संरक्षित इमारतींच्या यादीत आली, ग्रेड टू-स्टार या दर्जाने. इंग्लंडमध्ये तीन दर्जे असतात. ग्रेड वन सर्वोच्च, मग टू-स्टार, मग टू. यादीतल्या ९० टक्क्यांहून जास्त इमारती शेवटच्या दर्जात असतात. टू-स्टार सहा टक्क्यांहूनही कमी. आणि रिवाज असा की इमारत तीस वर्षांची झाल्याशिवाय तिचा विचारच करायचा नाही. अपवाद एकच: काम असामान्य दर्जाचं हवं आणि त्याला धोका हवा. ही वसाहत पुरी होऊन तेव्हा पंधराच वर्षं झाली होती! महायुद्धानंतर काउन्सिलने बांधलेल्या वसाहतींपैकी यादीत आलेली ही पहिली. तेव्हाचे वारसा खात्याचे मंत्री पीटर ब्रुक यांनी युद्धानंतर इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या अत्यंत श्रेष्ठ वास्तुसमूहांमध्ये तिची गणना केली होती. मंत्री हुजूर पक्षाचे, सरकार त्यांचंच, आणि कौतुक कशाचं, तर काउन्सिलने बांधलेल्या भाड्याच्या घरांचं. राजकारण समजणाऱ्याला यातलं वजन वेगळं सांगायला नको.

धोका कसला होता? कुणी पाडायला निघालं नव्हतं. काँक्रीटच्या डागडुजीचा धोका होता. उघड्या काँक्रीटवर भलतंसलतं ठिगळ लावलं की ते कायमचं दिसतं, आणि तशी ठिगळं लागायला लागली होती. म्हणजे हे संरक्षण राहणाऱ्यांपासून इमारतीला नव्हतं, वाईट दुरुस्तीपासून होतं. इतकं साधं आहे.

बाकीचे मुद्दे भराभर घेते, कारण त्यांच्यावर जास्त वेळ घालवणं म्हणजे त्यांचा मान ठेवणं.

'ब्रूटल म्हणजे क्रूर.' फ्रेंचमध्ये 'बेताँ ब्रूत' म्हणजे कोरं काँक्रीट, गिलावा न केलेलं, सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेलं. ल कॉर्ब्युझिए यांनी मार्सेयमध्ये १९५२ साली पुऱ्या झालेल्या मोठ्या निवासी इमारतीत ते तसं वापरलं, आणि पुढे पन्नाशीच्या दशकात इंग्रजी समीक्षकांनी 'न्यू ब्रुटलिझम' हे नाव रूढ केलं. इंग्रजीतल्या 'ब्रूटल'शी शब्दाचं मूळ जुळतं आणि त्या नावात ती मिश्कील धार होती हे कबूल, पण घर क्रूर असण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. याच ल कॉर्ब्युझिए यांनी चंदीगड आखलं. तिथल्या लोकांना कोंडून ठेवलंय असा फॉरवर्ड अजून आला नाही, येईलही.

'१९६८ साली कोपरा कोसळला.' १९६८ साली ही वसाहत कागदावर होती. कागद कोसळत नाही. फॉरवर्डमधला तिसरा फोटो रोनन पॉइंटचा आहे. तो बावीस मजली मनोरा, लंडनच्या दुसऱ्या टोकाला, कॅनिंग टाउनमध्ये. १६ मे १९६८ला सकाळी एका घरात गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपराच वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. 'शेकडो' नव्हे, चार, आणि तीही कमी नाहीत. बातमी दाबली तर नाहीच, उलट चौकशी झाली आणि इमारती बांधण्याचे नियम बदलले. तो मनोरा कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तावदानासारखे पॅनेल एकमेकांना जोडून उभा केलेला होता. अलेक्झांड्रा रोडचं काँक्रीट जागेवर ओतलेलं, सलग. दोन्हीत काँक्रीट हा एक शब्द सोडला तर काही सारखं नाही. हे असं आहे की पत्र्याची शेड वाऱ्याने उडाली म्हणून लोखंडी पुलावरून जायची भीती घालायची.

'स्वस्तात कोंबलं, खुराडी बांधली.' इथे तर हसूच आलं. या वसाहतीवरची खरी बोंब नेमकी उलटी होती. ती फार महाग झाली! बांधकाम चालू असताना ब्रिटनमध्ये महागाईचा भडका उडाला होता. १९७५ साली ती २४ टक्क्यांच्या घरात होती. त्यात बांधकाम लांबलं, आणि खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून वर गेला. १९७८ साली त्याची जाहीर चौकशी लावली गेली. खुराड्याबद्दल म्हणाल तर त्या काळात काउन्सिलच्या घरांना पार्कर मॉरिस समितीची मापं बंधनकारक होती. चार माणसांच्या फ्लॅटला किमान सुमारे ७० चौरस मीटर. साडेसातशे चौरस फूट, तेही कार्पेट. फॉरवर्ड पाठवणाऱ्या निवृत्त मंडळींपैकी किती जणांनी आपला संसार साडेसातशेच्या वर केला, ते दाजींनी जरा विचारून सांगावं. ही मापं १९८० साली रद्द झाली. त्यानंतर ब्रिटनमध्ये बांधलेली बरीच घरं यापेक्षा लहान आहेत.

१९८०च्याच एका वेगळ्या कायद्याने काउन्सिलच्या भाडेकरूंना आपलं घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. म्हणूनच आज तिथे काही घरं काउन्सिलची भाड्याची, काही खासगी मालकीची, अशी मिसळ आहे, आणि म्हणूनच आमच्या पोराला तिथे खोली मिळू शकली.

'आर्किटेक्टला हाकललं, तो स्वतः असल्या घरात राहिला नाही.' यातला दुसरा भाग तपासायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. ब्राऊन यांनी साठच्या दशकात विन्स्कम स्ट्रीटवर पाच घरांची एक रांग बांधली, आणि त्यातल्याच एका घरात ते राहिले. उतारवयात ते डनबॉइन रोडच्या वसाहतीत राहायला गेले. तीही त्यांनीच कॅम्डनसाठी आखलेली, काउन्सिलचीच. आपण आखलेल्या काउन्सिलच्या घरात म्हातारपण काढणारे आर्किटेक्ट मला तरी दुसरे चटकन आठवत नाहीत. आमच्या ऑफिसात तर कुणी आपण काढलेल्या टूबीएचकेत दोन दिवस काढायला तयार होणार नाही, मीसुद्धा नाही.

पहिल्या भागात मात्र दुखरं सत्य आहे, आणि ते नाकारणं बरोबर होणार नाही. कुणी बंदी घातली नव्हती. खर्चाच्या त्या चौकशीत ब्राऊन यांच्यावर दोष आला नाही. पण चौकशी लागली एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये त्यांची एकही इमारत उभी राहिली नाही. वय पन्नाशीच्या आत, हाताशी एवढं मोठं काम, आणि मग देशात शुकशुकाट. त्यांनी नेदरलँड्समध्ये बांधलं, इटलीत काम केलं, पुढे चित्रकला शिकून चित्रं काढत बसले. शेवटी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सने २०१८चं रॉयल गोल्ड मेडल त्यांना द्यायचं ठरवलं, तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आणि आजारी होते. जानेवारी २०१८मध्ये ते गेले. तोवर ब्रिटनमध्ये त्यांनी बांधलेल्या तिन्ही वसाहती संरक्षित यादीत आलेल्या होत्या. हयात असताना ब्रिटनमधलं सगळंच्या सगळं काम यादीत गेलेलं पाहणारा त्यांच्याशिवाय दुसरा आर्किटेक्ट नव्हता. 'सरकारने हाकललं' हे खोटं आहे. पण जे झालं त्यालाही न्याय म्हणवत नाही.

फॉरवर्डमधला एक फोटो उरला, दुसरा. ढगाळ दिवशीची रोली वे, भिंतींवर काळे ओघळ. तो खरा आहे. काँक्रीट मुळात पांढऱ्या सिमेंटचं, फळ्यांचे ठसे उमटलेलं, नवं असताना चकाकत असणार. लंडनच्या पावसाने पन्नास वर्षांत त्याचं काय होतं ते फोटोत दिसतंच. काँक्रीट गिलाव्याशिवाय सोडायचं ठरवलं की हे ओघळ त्याच निर्णयात लिहिलेले असतात. मला ते आवडत नाहीत. आमचे सर म्हणतात, त्याला वय म्हणायचं. म्हणोत. वर एका गाजलेल्या हेरपटात नायकाची खडतर वस्ती म्हणून हीच वसाहत वापरलीय, त्यामुळे पडद्यावर पाहून ती गुंडांची वाटत असेल तर त्यात नवल नाही. कॅमेऱ्याला असे लांब वाकडे रस्ते आणि ओघळ फार आवडतात.

ताईसाठी वेगळं: भाच्याला काल परत फोन केला. त्याची खोली वरच्या मजल्यांपैकी एकात, गच्ची रोली वेकडे. गाडीचा आवाज येतो का विचारलं, तर म्हणाला, "मावशी, खिडकी उघडून मागच्या बाजूला गेलं तर येतो, पुढे नाही." भिंत गरम लागते का, तर म्हणाला, लागते, आणि रात्री जरा जास्तच. पांघरुणाचा प्रश्न मिटलाय. तू त्याच्यासाठी घेतलेली जाड दुलई पाठवू नकोस, वजनाचे पैसे फुकट जातील. फोटो टांगायचा असेल तर चिकटपट्टीचे हुक मिळतात, ते घे असं मी त्याला सांगितलंय.

आणि दाजी, हे ग्रुपवर टाकणार असाल तर खुशाल टाका. फक्त जुन्या फॉरवर्डला जोडून टाकू नका, आणि तो तिसरा फोटो काढून टाका. त्यात चार माणसं मेलेली आहेत आणि ती आपल्या पोराच्या इमारतीत नव्हे.